शाळेखालच्या खाचरातला देवमासा

परवा सरळगावहून किन्हवलीकडे येताना एसटीच्या खिडकीतून धुराचा वास आत आला. मांडीवर सातवीच्या पेपरांचा गठ्ठा होता, तो तसाच ठेवून मी बाहेर पाहिलं. रस्त्याकडेच्या माळावर एक म्हातारा एकटाच राब भाजत होता. पूर्वी या दिवसांत हा सगळा पट्टा धुरकट असायचा, कपडे वाळत घालायची सोय नसायची. आता निम्म्या जमिनींना तारेचं कुंपण आहे, आत फार्महाऊस आहेत, आणि त्यांच्या मालकांना धुराचा त्रास होतो म्हणे. मला त्या धुराने खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी खिडकी बंद करवेना. शेजारच्या बाईने शेवटी हात लांबवून ती बंद केली आणि माझ्याकडे रागाने बघितलं. बरोबरच होतं तिचं.

ज्यांनी राब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं, तो तुकडा आधी भाजून घ्यायचा. खाली शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, म्हणजे टहाळ, त्यावर पातेरा, म्हणजे सुकलेला पाला, आणि सर्वांवर मातीचा थर. मग वाऱ्याच्या उलट अंगाने काडी लावायची, म्हणजे ते हळूहळू, आतल्या आत जळत जातं. तण मरतं, माती भाजून निघते, आणि पावसात तिथे पेरलेलं रोप काळंभोर, दाट उठतं. सांगायला हे चार ओळींत झालं. करायला पौषापासून फाल्गुनापर्यंतचा काळ जातो, आणि आमच्या घरी ते सगळं आईच्या डोक्यावरून यायचं. वडील भिवंडीला यंत्रमागावर होते, पंधरा दिवसांनी घरी यायचे. नांगर आणि बैल थोरल्या काकांकडे, राब आईकडे, अशी वाटणी होती. आई सकाळी रानात जायची आणि पाल्याची एवढी मोठी पाटी घेऊन यायची की पाटीखाली फक्त तिचे पाय दिसायचे.

त्या वर्षी मी सातवीत होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. किन्हवलीपासून आत पाच-सहा किलोमीटरवर आमचं गाव, आणि गावाबाहेर टेकाडावर जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. तिच्या व्हरांड्यातून खाली आमची भाताची खाचरं दिसायची.

आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. समुद्र आम्हाला किन्हवलीच्या बाजारातून ठाऊक होता. तो खारट होता, सुका होता, आणि गोणपाटावर ढिगाने मांडलेला होता: बोंबील, मांदेली, वाकट्या आणि जवळा. जवळा म्हणजे नखाएवढी सुकी कोळंबी. चुलीवरच्या तव्यात कांद्याबरोबर तो परतला की वाडीतल्या सगळ्या मांजरांना निरोप जायचा. पावसाळ्यासाठी आई डबाभर जवळा भरून ठेवायची. तो डबा उघडला की जो भपकारा यायचा, तो माझ्यासाठी समुद्राचा वास. पुढे खरा समुद्र पाहिला तेव्हा त्याला एवढासुद्धा वास नव्हता, आणि माझा थोडा विरसच झाला.

या मुलखात तांडेल गुरुजी बदली होऊन आले. गडी समुद्रावरचा. डोंगरात आल्यावर त्यांना करमेना. संध्याकाळी व्हरांड्यात बसून ते शेतांकडे बघायचे, तेव्हा भाताच्या लोंब्यांवरून वारा गेला की म्हणायचे, "भरती आली." भूगोल शिकवताना सगळं काही समुद्राशी नेऊन ठेवायचे. आमच्या ओढ्याचं पाणी काळू नदीला, काळूचं उल्हासला, उल्हासचं खाडीला आणि खाडीचं समुद्राला जातं, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की आम्ही ओढ्यात पाय धुतानाही जरा जपून धुवायला लागलो. पण देवमाशाचा विषय निघाला की त्यांचा आवाजच बदलायचा. लहानपणी त्यांच्या गावच्या किनाऱ्याला एक मेलेला देवमासा लागला होता. म्हाताऱ्या माणसांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, आणि बायका माहेरचं माणूस गेल्यासारख्या गप्प बसून राहिल्या. गुरुजींच्या वडिलांनी त्याची लांबी पावलांनी मोजली होती. "आणि तो लहान होता रे," गुरुजी म्हणायचे. "जिवंत, पूर्ण वाढलेला निळा देवमासा शंभर फुटांपर्यंत जातो."

परीक्षा तोंडावर आली होती, शनिवारची सकाळची शाळा होती. विज्ञानाच्या उजळणीत सस्तन प्राणी आले: गाय, म्हैस, वटवाघूळ, देवमासा. देवमासा अंडी घालत नाही, पिल्लाला दूध पाजतो. त्याला कल्ले नसतात, श्वास घ्यायला वर यावं लागतं. वर आला की डोक्यावरच्या छिद्रातून फवारा सोडतो. एवढ्यावर वर्ग गप्प होता, कारण पुस्तकात लिहिलेलं होतं. मग गुरुजी म्हणाले, एवढं मोठं जनावर खातं काय, तर जवळ्यासारखी बारकी कोळंबी. इथे मात्र वर्ग फुटला. जवळा आम्हाला माहीत होता. जवळा खाऊन कुणी शंभर फूट वाढत नाही, हे आम्हाला स्वतःच्या घरावरून माहीत होतं.

"गुरुजी, शंभर फूट म्हन्जे किती?" मागून कुणीतरी विचारलं.

"ही शाळा आहे ना? हिच्यापेक्षा लांब."

"कायपन!" वर्ग म्हणाला. गुरुजींच्या तोंडावर असं म्हणायची पद्धत नव्हती, पण निघून गेलं.

गुरुजींनी लाकडी मीटरपट्टी काढली आणि म्हणाले, "चला खाली."

खाली खाचरात भाताची धसकटं तेवढी उरली होती. गुरुजींनी खडूने रेघ मारून पाहिली, ढेकळांवर ती दिसेना. मैदान आखायची पांढरी फक्की शाळेत नव्हती. राख आणावी तर कुणाच्या घरून किती आणणार? सगळे उभे. आणि मी, वर्गातली हुशार म्हणून नाव असलेली, बोलून गेले, "गुरुजी, आमचा पातेरा हाय. तिकडं झाडाखाली."

झाडाखाली राबाचे तीन ढीग होते. दोन महिन्यांचे.

"घरी विचारलंस का?"

"हो," मी म्हणाले. हे खोटं मी का बोलले याचा मी नंतर खूप विचार केला आहे. कारण मोठं काही नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं होतं, एवढंच.

मग जे काही झालं त्याची मजा मला आजही खोटी म्हणता येत नाही. गुरुजी पुढे पट्टी टाकत चालले, आम्ही मागून मोजत. दहा, अकरा, बारा. बाविसाव्या पट्टीला आमचा बांध आला. देवमासा बांधावर थांबेना. गुरुजींनी शेपूट पलीकडे आनंदमामांच्या खाचरात नेली. आनंदमामा बौद्धवाडीतले. आटगावहून गाडी धरून नोकरीला जायचे, शेत रविवारचं करायचे. तीस पट्ट्या झाल्या तेव्हा तोंडापाशी उभी असलेली मुलं शेपटीपाशी उभ्या असलेल्यांना हाका मारत होती. मग गुरुजींनी काठीने अंग आखलं आणि आम्ही पाला-टहाळ ओंजळींनी, पाट्यांनी, फ्रॉकच्या ओच्यांनी आणून ते भरत गेलो. पोट भरायलाच एक ढीग लागला. डोळ्याच्या जागी मोकळी जागा ठेवली. दोन ढीग संपले. मग सगळे धावत टेकाड चढून व्हरांड्यात गेलो आणि खाली बघितलं.

तो खाली पडलेला होता. शाळेपेक्षा लांब होता. मागून ज्याने "शंभर फूट म्हन्जे किती" विचारलं होतं तो हळूच म्हणाला, "एवढा जवळा आनतो कुठनं?"

गुरुजींना दुपारच्या गाडीने शहापूरला मीटिंगला जायचं होतं. जाताना ते बजावून गेले, "संध्याकाळच्या आत सगळं परत ढिगात गेलं पाहिजे." मुलांनी मानाही डोलावल्या आणि जेवायला पळाली. मी मात्र ठरवलं की आईने एकदा बघितल्याशिवाय एक पान हलवायचं नाही. ती किन्हवलीच्या बाजाराला गेली होती. चारच्या एसटीने येणार होती. मी जेवून लगेच जाऊन फाट्यावर बसले.

आता काकांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्याकडे थोरला दीर आणि भावजय एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. भांडण वगैरे नाही, ती रीतच. एकाच पडवीत बसून दोघं बोलायची, पण मध्ये एक मूल लागायचं. काका म्हणायचे, "तुझ्या आईला सांग, बैल उद्या मोकळे हायत." आई दोन हातांवर बसलेली असायची, ऐकलेलं असायचं, तरी मी सांगायचे, "आई, बैल उद्या मोकळे हायत." मग आई म्हणायची, "काकांना सांग, चालंल." लहानपणी मला हा खेळ वाटायचा. मला वाटतं त्या दोघांना त्यात आरामही होता.

दुसरी रीत राबाची. राब पसरून ठेवलेला दिसला आणि आभाळ भरून आलं, तर ज्याच्या हाताशी काडी असेल त्याने तो पेटवायचा. भिजलेला राब पुन्हा धड जळत नाही. मालकाची वाट बघत बसायचं नसतं, उलट पेटवणाऱ्याचे उपकार मानायचे असतात.

त्या दुपारी आभाळ आलं. काका गुरं घेऊन खाचराकडे गेले तर राब पसरलेला. चुकीच्या खाचरात, आणि असल्या आकाराचा. भावजयीला विचारायची सोय नाही, आणि पोरगी फाट्यावर. त्यांनी नंतर सांगितलं की त्यांना वाटलं ही शेतकीखात्याची काहीतरी नवी पद्धत असणार. त्या काळी शेतकीवाले येऊन काहीही सांगायचे, आणि आईला नव्याची हौस, असं त्यांचं मत होतं. शेण टाकलेलं दिसलं नाही, तेव्हा भावजय विसरली असं समजून त्यांनी आमच्याच उकिरड्यातून दहा-बारा पाट्या शेण आणून अंगभर टाकलं. वर माती ओढली. शेपटीकडेही टाकली. कंबर मोडेपर्यंत काम केलं त्यांनी. डोळ्याची मोकळी जागा दिसली, तीही भरून काढली. मग वारा बघून डोक्याकडून काडी लावली आणि घरी येऊन चहा घेतला.

आई एसटीतून उतरली. मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "घरी नको, आधी शाळेत चल. गंमत दाखवते." तिचे पाय दुखत होते, पण आली. टेकाड चढताना मीच बोलत होते, की डोळे मीट, आता उघडू नको, आता उघड.

खाली देवमासा जळत होता. डोक्यातून धूर सरळ वर जात होता, अगदी गुरुजींनी फवाऱ्याचं चित्र काढलं होतं तसा. आणि खरं सांगायचं तर पहिला क्षणभर मला तो आवडला. मग मी आईकडे बघितलं.

ती पायरीवर बसली. मांडीवर जवळ्याची पुडी. बराच वेळ तिने धुराकडे बघितलं.

"कोनी पसरला गो?"

"मी. आमी सगळ्यांनी. पेटवला नाय आमी."

"दोन महिने डोक्यावरनं आनलाय मी तो," ती म्हणाली. ओरडली नाही, मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. तिच्या डोक्याच्या मधोमध पाटी टेकून केस विरळ झाले होते. मी तिच्या मागच्या पायरीवर उभी होते, त्यामुळे मला तेच दिसत होतं.

संध्याकाळी पडवीत निवाडा झाला. रीतीप्रमाणे मध्ये मी. आरोपीही मीच.

"तुझ्या आईला सांग," काका म्हणाले, "त्या खाचरात पानी उभं राह्यतं. रोप कुजंल तिथं. वर माळावर दुसरा राब करायला उरलेला एक ढीग पुरनार नाय."

मी सांगितलं.

"तुझ्या आईला सांग, शाळेनं हे शिकवलं. सातवी झाली, लई झालं. पोरगी आता घरी राहू दे, राब तरी नीट राखंल."

हे मला सांगता येईना. काका थांबले, आई थांबली. दोघांनी ऐकलेलं होतं, आणि तरी मी बोलल्याशिवाय पुढचं बोलणं होणार नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "आई, काका म्हन्तात मला शाळेतनं काढ."

आईने पुडीतला जवळा डब्यात ओतला, डब्याचं झाकण लावलं. "काकांना सांग," ती म्हणाली, "रोप उगवू दे. मंग बोलू." 

म्हणजे माझी आठवी त्या खाचरातल्या राखेवर येऊन बसली. रोप झालं तर शाळा, कुजलं तर घर. आईने असं शब्दांत म्हटलं नाही, पण घरात सगळ्यांना ते कळलं होतं.

सोमवारी गुरुजी घरी आले. त्यांना सगळं कळलं होतं, माझं खोटंही. पडवीत उभे राहून त्यांनी आईसमोर हात जोडले. म्हणाले, "चूक माझी. मी स्वतः येऊन विचारायला हवं होतं." आईने त्यांना पाणी दिलं. मग विचारलं, "गुरुजी, तो पोराला दूध पाजतो म्हन्ता. पान्यात कसा पाजतो?"

गुरुजी पाट ओढून बसले. त्यांनी सांगितलं की दूध फार घट्ट असतं, पाण्यात विरघळून जात नाही, आई पिल्लाच्या तोंडात त्याची चिळकांडी सोडते.

"खरवसासारखं?"

"तसंच काहीसं."

"आन् खातो जवळा."

"हो."

"आमी पन जवळाच खाताव," आई म्हणाली, "आमाला काय झालं नाय वाढायला?" आणि ती हसली. दोन दिवसांनी पहिल्यांदा. गुरुजी हसावं की नाही या विचारात तसेच बसून राहिले.

परीक्षा झाली. विज्ञानात देवमाशावर दोन गुणांचा प्रश्न होता, तो मी सोडला. लिहवेनाच. उन्हाळाभर तो काळा आकार खाली पडून होता. गुरं त्यावरून जायची, पोरं त्याच्या पाठीवर क्रिकेट खेळायची. संध्याकाळी वारा सुटला की राख उडायची आणि मी घाबरून बघायचे की किती उरली. जून लागला, काकांनी नांगर हलका धरला आणि त्या राखेत बी पेरलं. पेरताना बांधापलीकडची शेपूट पेरायची की नाही असा प्रश्न आला. आनंदमामा तेव्हा बांधावर उभे होते. म्हणाले, "पेरा हो. देवमाशाचं मुंडकं तुमाला आन् शेपूट मला, असं करून तो जगंल काय?"

जूनच्या मध्याला किन्हवलीचं हायस्कूल सुरू झालं. माझ्या वर्गातल्या तिघी निळा स्कर्ट घालून सकाळच्या एसटीला जायला लागल्या. आमच्या बांधावरून रस्ता दिसतो. मी त्या वेळी मुद्दाम गोठ्यात काम काढायचे, पण एसटीचा हॉर्न गोठ्यातही ऐकू येतो. गुरुजींनी हायस्कुलात जाऊन माझी जागा धरून ठेवा म्हणून सांगून ठेवलं होतं. त्यांनी मला एक दिवस विचारलं, "काय म्हणतोय तो?" मी म्हणाले, "अजून खाली हाय." म्हणजे जमिनीखाली. ते म्हणाले, "श्वास घ्यायला वर यावंच लागतं त्याला."

आणि मग तीन दिवस थांबलाच नाही असा पाऊस लागला. खाचर भरलं. काका म्हणाले होते तसंच झालं, पाणी उभं राहिलं. कोंब नुकते दिसत होते, ते बुडाले. दुसऱ्या दिवशी आई इरलं घेऊन बांधावर जाऊन उभी राहिली. पाणी आनंदमामांच्या बाजूला काढता आलं असतं, पण दुसऱ्याच्या शेतात पाणी सोडणं आमच्याकडे साधी गोष्ट नाही. त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या बोलणी बंद झालेली घरं मला माहीत आहेत. मामा त्या दिवशी कामाला गेले नव्हते. कुदळ घेऊन आले आणि आईला काही विचारायच्या आत त्यांनी स्वतःच बांध फोडला. "माझ्याकडं ओढा जवळ हाय," म्हणाले, "माझं पानी जाईल निघून." गुरुजी आणि शाळेतली दहा-बारा मुलं गोणपाटाच्या खोळी पांघरून चर खणायला आली. मी गुडघाभर चिखलात उभी राहून गाळ उपसत होते आणि रडत होते. पावसात ते कुणाला दिसलं नाही, हे बरं झालं.

पाणी उतरलं. चार दिवस काही कळेना. पाचव्या दिवशी सकाळी गुरुजींनी शाळेतून एका मुलीला आमच्याकडे पिटाळलं. ती येऊन म्हणाली, "व्हरांड्यात या म्हणाले. आईलापन आना."

खाली देवमासा वर आला होता. भोवती फिकट, विरळ गवत, आणि मधोमध तो, डोक्यापासून बांधापर्यंत आणि बांधापलीकडे शेपटीपर्यंत, दाट हिरवा. वारा आला की अंगभर हलायचा. काकांनी डोळा भरून काढला होता, त्यामुळे तो आंधळा होता, एवढंच. गुरुजी खांबाला टेकून उभे होते. आईने पदराने तोंड पुसलं आणि खूप वेळ बघितलं. मी तिला त्या आधी कधी शेताकडे नुसतं बघत उभी राहिलेली पाहिली नव्हती. शेताकडे बघताना तिच्या हाताला नेहमी काहीतरी काम असायचं.

त्या संध्याकाळी काका पडवीत आले. कांबळ झटकली, बसले, तंबाखू मळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या आईला सांग, रोप बरं हाय."

"आई, रोप बरं हाय."

"काकांना सांग, दिसलं मला."

"तुझ्या आईला सांग, सोमवारच्या गाडीला पाठव हिला. आठवी बुडंल."

हे मात्र मी फार मोठ्याने सांगितलं. दोघंही दचकली.

आवणीला, म्हणजे रोपांच्या लावणीला, देवमासा उपटला. मुठी बांधून त्याचं डोकं ओढ्याकडच्या खाचरात गेलं, पोट मधल्या दोन खाचरांत, पाठ वरच्या बाजूला. आनंदमामा शेपटीच्या मुठी डोक्यावर घेऊन आमच्या बांधावर आले. "तुमची शेपूट," म्हणाले. आईने त्यातल्या निम्म्या त्यांनाच परत दिल्या. दिवाळीत भात आलं. दर वर्षी येतं तेवढंच आलं, थोडंसं कमीच. पण ते खाताना धाकटा भाऊ ताटावर बसून विचारायचा, हा कुठला भाग? आई म्हणायची, "पोटाचा. गप जेव."

त्याला आता बरीच वर्षं झाली. काका गेले. शेवटच्या दुखण्यात त्यांनी आईला पहिल्यांदा सरळ नावाने हाक मारली आणि पाणी मागितलं. आईला काय करावं ते कळेना, तिने सवयीने माझ्याकडे बघितलं. गुरुजी बदली करून घेऊन आपल्या किनाऱ्याला परत गेले. मी शिक्षिका झाले, मुरबाड तालुक्यात. दर वर्षी सस्तन प्राण्यांच्या धड्याला मी मुलांना मैदानात नेते आणि तीस मीटर मोजते. फक्कीने. आधी प्रत्येकाच्या घरी विचारते, फक्की शाळेची असली तरी.

माझा पगार सुरू झाल्यावर, दोन हजारच्या दशकात, एका डिसेंबरात मी आईला दापोलीच्या बाजूला समुद्र दाखवायला नेलं. तिथे होडीतून डॉल्फिन दाखवतात. आई होडीत बसायला तयार नव्हती, मग बसली ती दोन्ही हातांनी फळी घट्ट धरूनच. किनारा लांब गेला. नावाडी, एक तरणाबांड मुलगा, इंजिन बंद करून म्हणाला, "मावशी, आता नुसतं बघत राहा." पाणी सपाट होतं. मग अचानक जवळच एक राखाडी पाठ वर आली, फुस्स करून श्वास सोडला, आणि खाली गेली. मग दुसरी. मग एक पिल्लू, आईच्या अंगाला चिकटून. होडीतली माणसं ओरडायला लागली. लहानपणी शिकलेली आणि आता शिकवत असलेली गोष्ट मी पहिल्यांदा श्वास घेताना ऐकत होते.

आईने फळी सोडली नाही. मान वळवून ती त्या पाठींकडे बघत राहिली. पिल्लाकडे जरा जास्त वेळ.

"हा पुरा वाढल्याला हाय का?" तिने नावाड्याला विचारलं.

"हो, मावशी. पूर्ण वाढलेला. आठ-नऊ फूट असेल."

आईने मान हलवली. "आमचा मोठा व्हता," ती म्हणाली.

नावाडी हसला. "काय, देवमासा? कुठं बघितलात तुम्ही, मावशी?"

"शाळेखालच्या खाचरात," आई म्हणाली. "आमच्या भाऊजींनी पेटवला, मंग पावसात वर आला." मग माझ्याकडे हनुवटीने खूण करून तिने त्याला समजावून सांगितलं, "ही शिकली ती त्याच्यावरच."

नावाड्याने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "आई म्हणते, मी शिकले ती त्याच्यावरच." सवयच ती.